सहाव्या महिन्याच्या भेटीत विचारायचा एक प्रश्न

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ नोव्हेंबर हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास वृत्तपत्रांतून जे लेख येतात त्यांत अपस्माराचे बहुधा एकच चित्र असते. चालता चालता माणूस कोसळतो, हातपाय ताठ होतात, तोंडाला फेस येतो आणि जमलेल्यांपैकी कोणीतरी कांदा नाहीतर चप्पल शोधायला धावतो. कांदा हुंगवून आकडी थांबत नाही हे अजूनही दरवर्षी सांगावे लागते, त्यामुळे या लेखांच्या उपयुक्ततेविषयी माझे काही म्हणणे नाही. परंतु तान्ह्या बाळांना होणाऱ्या अपस्माराचा एक प्रकार असा आहे की त्यात यांपैकी काहीच घडत नाही. बाळ कोसळत नाही, कारण ते अजून बसतही नसते. फेस येत नाही, ताप नसतो, आणि झटका एक-दोन सेकंदांत संपूनही जातो. या आजाराला वेस्ट सिंड्रोम म्हणतात. त्याच्याविषयी, आणि आपल्या सरकारी आरोग्यसेवेच्या वेळापत्रकात नेमक्या त्याच्याच वयाला राहून गेलेल्या मोकळ्या जागेविषयी मला लिहायचे आहे.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मज्जासंस्थेचा धडा किती तुकड्यांना शिकवला याची गणती नाही. हे सांगण्याचे कारण असे की पुढे जे लिहिते आहे त्यात अडाणीपणाचा दोष मला दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

आमचा नातू पाच महिन्यांचा असताना झोपेतून उठल्यावर एक नवीन हालचाल करू लागला. मान झटकन खाली जाई, दोन्ही हात पुढे येऊन किंचित पसरत आणि गुडघे पोटाकडे ओढले जात. क्षणभराने अंग सैल पडे. दहा-पंधरा सेकंदांनी पुन्हा तसेच होई, आणि असे पंधरा-वीस वेळा झाले की बाळ रडू लागे. सकाळच्या वेळी मी देवापुढे दिवा लावत असे आणि बाळ समोरच्या सतरंजीवर असे, त्यामुळे घरात सगळ्यांनी ठरवून टाकले की बाळ बाप्पाला जय करते. शेजारणींना बोलावून आम्ही ते दाखवले. पाहुण्यांसमोर बाळाने जय करावा म्हणून टाळ्याही वाजवल्या. त्या टाळ्या मला अजून ऐकू येतात.

सूनबाईला मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशीच हे खटकले होते. ती म्हणाली, ‘आई, हा जय करून झाल्यावर रडतो का? आणि हल्ली माझ्याकडे बघून हसत नाही.’ तिची ही दोन वाक्ये म्हणजे या आजाराचे जवळजवळ संपूर्ण वर्णन होते हे आज कळते. त्या वेळी मी तिला पहिलटकरणीची भीती म्हणून गप्प बसवले. त्याचा बापही उशिराच हसला-बोलला होता असे सांगितले, आणि ते खरेही नव्हते. पुढे गुटीत मुरडशेंग जास्त उगाळून झाली, ग्राइप वॉटर झाले, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी पोटात वात धरतो म्हणून थेंब दिले, दुसऱ्यांनी दात येत असतील असे सांगितले. तिसऱ्या ठिकाणी बाळ दचकते, त्यात विशेष काही नाही असे उत्तर मिळाले. या डॉक्टरांना मी दोष देत नाही. आम्ही गेलो तेव्हा बाळ त्यांच्या टेबलावर शांत पडलेले असे आणि आम्ही सांगत होतो ते शब्द, म्हणजे ‘दचकतो’, ‘आखडतो’, ‘पोट ओढतो’, हे त्यांना दिवसातून दहा वेळा ऐकू येणारे शब्द होते.

सात आठवडे असे गेल्यावर निदान झाले, तेही आमच्या शहाणपणाने नव्हे. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि पंधरा दिवसांनी घरी येतो. त्याचा विश्वास बसावा म्हणून सूनबाईने त्या हालचालीचे मोबाइलवर चित्रण करून त्याला पाठवले. ते २ मिनिटे ४० सेकंदांचे आहे. त्याने ते कारखान्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांना सहज दाखवले. त्यांनी ते दोनदा पाहिले आणि उद्याच्या उद्या लहान मुलांच्या मेंदुविकारतज्ज्ञाकडे बाळाला न्या, शनिवारची वाट पाहू नका, असे सांगितले. तीन डॉक्टरांना प्रत्यक्ष बाळ पाहून जे कळले नव्हते ते चौथ्याला बाळ न पाहता कळले, कारण त्यांनी झटका पाहिला.

तज्ज्ञांनी केलेली पहिली तपासणी ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत्-लहरींचा आलेख, ही होती. तो झोपेतही घ्यावा लागतो, कारण जागेपणीच्या आलेखात कधी कधी हा दोष निसटतो. म्हणून आदल्या रात्री बाळाला मुद्दाम जागे ठेवायला सांगितले होते. निरोगी बाळाच्या आलेखाला एक लय असते. आमच्या बाळाच्या आलेखात उंचच उंच, कशाचा कशाला मेळ नसलेल्या लहरी होत्या. याला हिप्सॅरिद्मिया म्हणतात, आणि अमेरिकेतील गिब्ज दांपत्याने १९५२ साली त्याला हे नाव दिले. मालिकेने येणारे झटके, हा विस्कळीत आलेख, आणि बाळाची खुंटलेली किंवा मागे गेलेली वाढ या तीन गोष्टी मिळून वेस्ट सिंड्रोम होतो. मेंदूतला हा गोंधळ झटक्याच्या दोन सेकंदांपुरता नसतो, तो दिवसरात्र चालू असतो. ज्या वयात बाळ दर आठवड्याला काहीतरी नवे शिकते त्या वयात शिकण्याचे यंत्रच बंद पडल्यासारखे होते. हसणे थांबते, नजर मिळेनाशी होते, खुळखुळ्याकडे हात जात नाही, धरलेली मान पुन्हा डळमळू लागते. म्हणूनच झटके लहान असूनही डॉक्टर या आजाराला तातडीचा मानतात.

या आजाराच्या नावातला वेस्ट म्हणजे पश्चिम दिशा असे मला आधी वाटले होते. प्रत्यक्षात डॉ. विल्यम जेम्स वेस्ट हे इंग्लंडमधील टनब्रिज या गावचे डॉक्टर होते, आणि या आजाराचे वैद्यकातील पहिले वर्णन हे संपादकांना लिहिलेले एक पत्र आहे. १८४१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना त्यांनी ते पाठवले. त्यातला रुग्ण त्यांचा स्वतःचा, वर्षाच्या आतला मुलगा होता. चार महिन्यांपर्यंत चांगला असलेला मुलगा आधी नुसती मान डोलवू लागला, मग डोके गुडघ्यांपर्यंत वाकू लागले, काही सेकंदांच्या अंतराने दहा-वीस वेळा असे होऊन तो घाबरून किंचाळे, असे त्यांनी लिहिले आहे. जळवा लावून झाल्या, डोक्यावर थंड पाण्याच्या पट्ट्या झाल्या, रेचके झाली, अफूही देऊन झाली, कशानेच उतार पडला नाही. लंडनमध्ये त्यांनी ज्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घेतला त्यांनी अशी मोजकीच मुले पाहिली होती आणि त्या वाकण्यावरून त्यांच्यापैकी एकाने या आकडीला ‘सलाम’ हा शब्द जोडला होता. इंग्रजांच्या तोंडी तो शब्द आपल्याकडूनच गेलेला असणार. त्यांना सलाम दिसला, आम्हाला जय दिसला. तो मुलगा पुढे कधीच सावरला नाही. मतिमंद मुलांसाठीच्या संस्थेत राहून १८६० साली, ऐन विशीत तो वारला. त्या पत्रातून एका बापाला आपल्या मुलासाठी उपाय हवा होता. तो सापडायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

उपाय सापडला तो १९५८ साली, बेल्जियममध्ये. एसीटीएच या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी हे झटके थांबतात असे तेथील डॉक्टरांना दिसून आले. आज तीन औषधे मुख्य आहेत: एसीटीएच, तोंडाने देण्याचे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, आणि व्हिगाबॅट्रिन. ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाच्या आनुवंशिक विकारामुळे हा आजार झाला असेल तर व्हिगाबॅट्रिन विशेष लागू पडते, म्हणून डॉक्टर बाळाच्या अंगावर पानाच्या आकाराचे फिकट पांढरे डाग आहेत का हे निरखून पाहतात. त्या औषधाने नजरेची कडेची बाजू कमी होऊ शकते, त्यामुळे ते देखरेखीखालीच द्यावे लागते. ट्यूबरस स्क्लेरोसिस नसलेल्या १०७ बाळांवर ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत संप्रेरक किंवा स्टेरॉइड दिलेल्या बाळांपैकी ७३ टक्क्यांचे झटके दोन आठवड्यांत थांबले होते, व्हिगाबॅट्रिन दिलेल्यांपैकी ५४ टक्क्यांचे.

यातली एक बाब वाचकांनी लक्षात ठेवावी. अमेरिकेत एसीटीएचच्या एका कुपीची किंमत २००१ साली सुमारे ४० डॉलर होती, ती २०१३ पर्यंत २८ हजार डॉलरच्या वर नेली गेली आणि त्यावरून तिथे मोठे खटले झाले. आपल्याकडे मात्र प्रेडनिसोलोन हे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतले, कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातही मिळणारे स्वस्त औषध आहे. ते घरच्या घरी सुरू करण्याचे औषध नव्हे, हे ठळकपणे सांगते. त्याची मात्रा या आजारात मोठी असते, रक्तदाब आणि जंतुसंसर्ग यांवर लक्ष ठेवावे लागते आणि ते एकदम बंद करता येत नाही. माझे म्हणणे एवढेच की आपल्याकडे या आजारात बाळाचे जे नुकसान होते ते प्रामुख्याने औषध मिळत नाही म्हणून होत नाही. ते ओळखायला उशीर होतो म्हणून होते. उशीर होण्याचे आणखी एक कारण असे की कोणाला आकडीची शंका आलीच तरी आकडीवर एरवी देतात ती औषधे सुरू होतात. या झटक्यांवर त्यांतली बहुतेक औषधे फारशी चालत नाहीत, आणि ‘औषध चालू आहे’ या समाधानात आणखी काही आठवडे निघून जातात.

उशिराची किंमतही मोजली गेली आहे. वर उल्लेखिलेल्या ब्रिटिश चाचणीतील ७७ मुलांची चार वर्षांच्या वयात पुन्हा तपासणी झाली आणि ते निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. झटके सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत गेलेल्या काळाचे त्यांनी पाच टप्पे केले होते: आठवड्याच्या आत, दुसरा आठवडा, पंधरवडा ते महिना, एक ते दोन महिने, आणि त्याहून अधिक. एकेका टप्प्याच्या उशिरामागे मुलाच्या दैनंदिन कौशल्यांच्या चाचणीतले सरासरी सुमारे ३.९ गुण कमी झालेले आढळले. आमचे सात आठवडे म्हणजे चौथा टप्पा. हा हिशेब मी एकदाच केला, पुन्हा केला नाही.

आता त्या मोकळ्या जागेविषयी.

हे झटके बहुतेक बाळांत तिसऱ्या ते बाराव्या महिन्यात, आणि त्यातही चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान सुरू होतात. आपल्या सार्वत्रिक लसीकरणाचे वेळापत्रक डोळ्यांसमोर आणावे. जन्मानंतरच्या लसी, मग सहा आठवडे, दहा आठवडे, चौदा आठवडे. चौदा आठवडे म्हणजे साधारण साडेतीन महिने. त्यानंतरची सरकारी लस थेट नऊ महिने पूर्ण झाल्यावर, गोवर-रुबेलाची. म्हणजे ज्या साडेपाच महिन्यांत हा आजार डोके वर काढतो त्याच साडेपाच महिन्यांत सरकारी लस घेणाऱ्या निरोगी दिसणाऱ्या बाळाला परिचारिकेसमोर नेण्याचे कोणतेही ठरलेले कारण आईजवळ नसते. यात लसीकरणाची चूक काही नाही. ते वेळापत्रक लसींसाठी आखले आहे आणि लसींच्या दृष्टीने ते योग्यच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, त्याच्या तपासणीच्या यादीत आकडीचे विकार आहेत आणि तपासणी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात. परंतु पथक मार्चमध्ये येऊन गेले आणि झटके एप्रिलमध्ये सुरू झाले तर पुढच्या फेरीपर्यंत बाळाचे पाच-सहा महिने जातात.

या पोकळीत एकच भेट येते, आणि ती पुस्तकात आहे. २०१८ पासून लहान बाळांच्या घरगुती देखभालीचा जो कार्यक्रम सुरू झाला त्यानुसार आशाताईंनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी जाऊन भेट द्यायची असते. सहावा महिना म्हणजे उष्टावणाचा महिना. वरचे अन्न सुरू झाले का, स्वच्छता कशी आहे, वजन किती, हे त्या विचारतात. आमच्याकडेही आल्या होत्या. त्यांनी बाळाचे वजन पाहिले, नाचणीच्या सत्त्वाविषयी सांगितले आणि जाताना बाळाचा जय पाहून त्याही हसल्या. त्यांना आकडी हे धोक्याचे लक्षण म्हणून शिकवलेले आहे. पण शिकवताना आकडी म्हणून जे चित्र डोळ्यांपुढे उभे केले जाते ते ताठ झालेल्या, डोळे पांढरे केलेल्या, तापाने फणफणलेल्या बाळाचे असते. त्यांना समोर दिसले ते नमस्कार करणारे बाळ.

माझी सूचना एवढीच आहे की सहाव्या महिन्याच्या या भेटीत, आणि जमल्यास तिसऱ्या व नवव्याही, एक प्रश्न ठरवून विचारला जावा: ‘झोपेतून उठल्यावर किंवा झोपेला आल्यावर बाळ एकसारखी, पुन्हा पुन्हा, मान वाकवणे, अंग आवळणे किंवा हात फेकणे असे काही करते का, आणि हल्ली ते पूर्वीसारखे बघते-हसते का?’ उत्तरातला पहिला भाग हो आणि दुसरा नाही असा असेल, किंवा नुसता पहिला भाग हो असा असेल, तरी मोबाइलवर चित्रण करून ते त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवावे. जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेपाची जी केंद्रे आहेत त्यांना असे चित्रण पाठवता येईल असा एक क्रमांक असावा आणि चित्रण पाहिल्यावर बाळाचा ईईजी आठवड्याच्या आत व्हावा. माता व बाल संरक्षण पुस्तिकेत बाळाने कोणत्या महिन्यात काय करावे याची चित्रे आहेतच. त्याच पानावर वाकलेल्या बाळाचे आणखी एक चित्र बसेल इतकी जागा नक्की निघेल.

आशाताईंवर आधीच किती कामे आहेत हे मला माहीत आहे. या घरभेटीमागे त्यांच्यासाठी ५० रुपये ठरवण्यात आले, एवढे सांगितले तरी पुरे. म्हणून नवी नोंदवही, नवे प्रशिक्षण, नवे अ‍ॅप यांतले काहीही मी मागत नाही. एका चित्रणाची आणि एका प्रश्नाची गोष्ट आहे, ती त्यांच्या महिन्याच्या बैठकीत दहा मिनिटांत होईल.

हा आजार इतका दुर्मीळ आहे तर त्यासाठी एवढे कशाला, असा आक्षेप येऊ शकतो. सर्वसाधारण अंदाज दर दोन ते चार हजार जन्मांमागे एक बाळ असा आहे. ज्या जिल्ह्यात वर्षाला ४० हजार बाळे जन्मतात तिथे हा हिशेब दरवर्षी दहा ते वीस बाळांवर जातो. तालुक्याच्या एखाद्या डॉक्टरांना पाच-सहा वर्षांत असे एखादेच बाळ दिसेल, आणि म्हणूनच ते त्यांच्या नजरेतून निसटेल. त्यांच्यापर्यंत ओळख पोहोचवण्याची गरज आजार दुर्मीळ आहे म्हणूनच अधिक आहे.

आपल्याकडच्या बाळांत या आजाराची जी कारणे सापडतात त्यांत जन्मावेळी प्राणवायू कमी पडणे आणि जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत रक्तातली साखर घसरणे ही दोन वारंवार दिसतात. आमच्या नातवाच्या बाबतीत यांतले दुसरे, म्हणजे साखर घसरण्याचे, कारण होते. वजन कमी होते, दूध यायला वेळ लागला, तोपर्यंत मध चाटवला गेला, दुसऱ्या दिवशी बाळ मलूल झाले आणि साखर फार खाली गेलेली निघाली. चार दिवस काचेच्या पेटीत ठेवून बाळ ‘चांगले’ होऊन घरी आले. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागाला, जिथे दृष्टीचे केंद्र असते तिथे, त्या दिवसाची खूण सापडली. पहिल्या तासात आईचे दूध पाजा हे भिंतीवर रंगवलेले वाक्य मी गावोगावी वाचले होते. त्यातला तास हा शब्द मेंदूसाठी आहे हे मला ठाऊक नव्हते. नवजात अतिदक्षता कक्षातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाळाच्या कागदावर ‘चार ते नऊ महिन्यांत अशी हालचाल दिसल्यास त्वरित दाखवा’ ही एक ओळ छापली, तर सर्वाधिक धोका असलेल्या बाळांपर्यंत ती आपोआप पोहोचेल. आमच्या कागदावर पुढची तारीख होती, ही ओळ नव्हती.

ज्यांच्या घरी तान्हे बाळ आहे त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. बाळाचे साधे दचकणे आवाजाने, धक्क्याने, एकदम उचलल्याने होते, एकदाच होते आणि चार ते सहा महिन्यांपर्यंत नाहीसे होते. हे झटके कशानेही न होता येतात, ओळीने येतात आणि दिवस जातील तसे वाढतात. कधी ते इतके सूक्ष्म असतात की फक्त मान डुलते किंवा डोळे वर जातात. ताप नाही म्हणून आकडी नाही, असे समजू नये. चित्रण करताना दिवा लावावा, पांघरूण काढावे, पूर्ण बाळ दिसेल असा मोबाइल धरावा, बाळाचे हात धरू नयेत, आणि एक झटका टिपून न थांबता संपूर्ण ओळ संपेपर्यंत चालू ठेवावे. आईला काही वेगळे वाटत असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी, त्यांत माझ्यासारख्या शिकलेल्या सासवाही आल्या, मध्ये पडू नये.

प्रेडनिसोलोन सुरू झाल्यानंतर नवव्या दिवशी नातवाचे झटके थांबले. औषधाने त्याचा चेहरा सुजून गोल झाला होता, भूक अनावर झाली होती आणि तो रात्र रात्र किरकिरत असे. भेटायला येणाऱ्या नातलगांनी बाळाने छान बाळसे धरले म्हणून कौतुक केले, आम्ही काही बोललो नाही. स्टेरॉइड चालू असल्याने नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस डॉक्टरांच्या सांगण्यावरून पुढे ढकलावी लागली. आज तो साडेतीन वर्षांचा आहे. भिंतीला धरून चालतो, सहा-सात शब्द बोलतो, नजर कमी असल्याने माणसे आवाजावरून ओळखतो आणि माझ्या पायरवाने हसतो. या आजाराच्या मानाने आमचे बाळ सुदैवी आहे असे डॉक्टर सांगतात. अनेक मुलांना पुढे दुसऱ्या प्रकारच्या, अधिक चिवट आकड्या सुरू होतात, आणि मूळ कारण जितके गंभीर तितकी आशा कमी असते, हेही त्यांनी लपवले नाही. लवकर उपचार झाल्याने सगळीच मुले बरी होतात असा दावा मी करत नाही. आमचा नातू पहिल्या आठवड्यात तज्ज्ञांपुढे गेला असता तर आज किती शब्द बोलला असता हे कोणालाच सांगता येणार नाही.

सूनबाईने ते चित्रण जपून ठेवले आहे. आमच्या गावच्या अंगणवाडीत सहा महिन्यांच्या बाळांच्या आया आहार घ्यायला येतात त्या दिवशी ती ते दाखवते, आणि गेल्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या एका आईने ते पाहून आपल्या बाळाला चौथ्या दिवशी तपासणीला नेले. ते झटके नव्हते, साधे दचकणे होते. त्या आईला संकोच वाटत होता, तिला सूनबाईने चहा पाजला. जिल्ह्यातील ज्या आरोग्य पर्यवेक्षिकांना किंवा अंगणवाडी सेविकांना बैठकीत दाखवण्यासाठी हे चित्रण हवे असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावे. मुलाची आणि सूनबाईची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.

आपली विश्वासू,
एक आजी, जि. सातारा
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)